हनुवटीमास्तरांचं सूप

हनुवटीमास्तरांना सावलीचा राग होता. माणसाला कशाचाही राग असू शकतो, शेजाऱ्याचा असतो, सरकारचा असतो, सासुरवाडीचा तर असतोच असतो. पण सावलीवर डूख धरून उभं आयुष्य काढणारा माणूस विरळा. त्यांचा धंदाच तसा होता. ओळखपत्राचे, परवान्याचे, पासपोर्टचे फोटो काढायचे. तिथे नाकाची सावली गालावर आली की फोटो परत. कानामागे भिंतीवर काळं दिसलं की फोटो परत. चष्म्याच्या काचेत दिवा चमकला, तर विचारूच नका.

म्हणून मास्तरांनी आपला स्टुडिओ, म्हणजे रस्त्याला लागून असलेली ती एक खोली, छतापासून फरशीपर्यंत पांढरी रंगवून घेतली होती. खुर्चीच्या दोन्ही अंगांना दोन पांढऱ्या छत्र्या उघडून ठेवलेल्या, त्यांत तोंड खुपसून दिवे बसवलेले. दिव्याचा उजेड छत्रीवर आपटून मऊ होऊन गिऱ्हाइकाच्या तोंडावर यायचा. शिवाय गिऱ्हाइकाच्या मांडीवर थर्माकोलचा पांढरा पत्रा द्यायचे, गळ्याखालचा काळोख घालवायला. खोलीला एक खिडकी होती, पण तिच्यापुढे त्यांनी कपाट सरकवून टाकलं होतं. खिडकीतला उजेड ढगांच्या मर्जीने चालतो, आणि मास्तरांना दुसऱ्याच्या मर्जीने चालणाऱ्या कुठल्याच गोष्टीचं प्रेम नव्हतं.

"हनुवटी जरा खाली. अजून. अहो, इतकी नाही! हं, तिथेच." हे वाक्य त्यांनी इतक्या लोकांना ऐकवलं होतं, की त्या भागातल्या निम्म्या हनुवट्या त्यांनीच जागेवर बसवल्या होत्या म्हणायला हरकत नाही. त्यावरून त्यांचं नाव पडलं. ते त्यांच्या कानावर होतं, पण नसल्यासारखं दाखवायचे.

त्यांची बायको काउंटरवर बसायची. धाकटी बहीण सारखी येऊन "ताई, ताई" करायची म्हणून ती सगळ्या रस्त्याचीच ताई झाली होती. फोटो कापणं, पाकिटात भरणं, रुसलेल्या मुलांना खुर्चीत बसवणं, आणि मास्तर गिऱ्हाइकावर खेकसले की मागून गिऱ्हाइकाची समजूत घालणं, ही तिची कामं. लोकांचे फोटो कापता कापता तिचे केस पांढरे झाले. तिचा स्वतःचा म्हणाल तर एकच फोटो होता, ओळखपत्रावरचा. त्यात ती नुकतीच कशात तरी रंगेहाथ पकडली गेल्यासारखी दिसायची. "जगाचे फोटो काढले भाऊजींनी, आणि ताईचा एक धड नाही," असं धाकटी येताजाता म्हणायची. मास्तर म्हणायचे, "ती हलते." एवढ्यावर विषय संपायचा.

मग सरकारी कचेऱ्यांनी काय केलं, तर खिडकीवरच कॅमेरे बसवले. माणूस अर्ज घेऊन उभा राहिला की ते यंत्र डोळा मिचकावतं आणि फोटो निघतो. सावली नाही, चमक नाही, हनुवटी खाली करायला सांगणं नाही. मास्तर एकदा स्वतः जाऊन ते यंत्र पाहून आले. आले ते पायातले बूट न काढताच गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसले.

"कसं आहे?" ताईने विचारलं.

"माझ्यासारखंच काढतं," ते म्हणाले. "अगदी माझ्यासारखंच."

खरं दुखणं तिथेच होतं. गिऱ्हाईक गेलं त्याचं दुःख होतंच, पण जे काम लोखंडाचा एक डबा करतो तेच आपण जन्मभर करत आलो, आणि त्याला कला म्हणत आलो, हा विचार त्यांच्या जिव्हारी लागला. त्यानंतर ते ताईवर, रस्त्यावरच्या गाड्यांवर, छतावरच्या पंख्यावर, सगळ्यांवर उखडायला लागले.

अशात मेव्हणीने चौकात खाण्याचं दुकान काढायचं ठरवलं. छोटंसंच, सूप, पाव, भाजलेले बटाटे, केक एवढंच मिळणार. पण दर्शनी काचेवर तिला सुपाचा भलामोठा फोटो हवा होता. भोपळ्याचं सूप, तिची खासियत. "घरात फोटोवाला असताना बाहेरचा कशाला शोधू? भाऊजी, तुम्हीच काढा," असं म्हणून तिने पातेलंच आणून काउंटरवर ठेवलं. जाता जाता दारात थांबून म्हणाली, "नाहीच जमलं तर सांगा हं, वाईट वाटून घेऊ नका. खाण्याचेच फोटो काढणारा एक जण आहे माझ्या माहितीतला."

"नाहीच जमलं तर म्हणजे?" मास्तर म्हणाले, पण ती निघून गेली होती. त्यांनी ताईकडे वळून पाहिलं. "सुपाला डोळे नाहीत, चष्मा नाही, ते हलत नाही, ते मुलासारखं रडत नाही. त्यात न जमण्यासारखं काय आहे?"

त्यांनी गिऱ्हाइकाच्या खुर्चीच्या जागी टेबल ठेवलं. टेबलावर वाडगा. दोन्हीकडून छत्र्या. समोर थर्माकोल. पावाचे कुरकुरीत तुकडे सुपात बुडायला लागले, तेव्हा तळाशी एक वाटी पालथी घालून त्यावर ते तरंगते ठेवायची युक्ती त्यांना लगेच सुचली, आणि त्यावर ते बराच वेळ खूश होते. मग फोटो काढला, आणि मेव्हणीला बोलावून घेतलं.

तिने फोटो पाहिला. ताईने पाहिला. दोघी बहिणींनी एकमेकींकडे पाहिलं.

"चांगला आहे," मेव्हणी म्हणाली. "स्वच्छ आहे."

"पण?"

"काही नाही हो. म्हणजे... सूप ओळखपत्रासाठी बसल्यासारखं दिसतंय."

ताईला हसू आवरेना. तिने तोंडावर हात धरला, तरी खांदे हलतच राहिले. मास्तरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण फोटोकडे त्यांनी पुन्हा पाहिलं, आणि त्यांना कबूल करावं लागलं, मनातल्या मनात का होईना. सूप कसलं, नारिंगी रंगाचा डबा उघडून ठेवला होता. खोली नाही, दाटपणा नाही, पावाच्या कडेला खरखर नाही. वाडगा कुठे संपतो आणि टेबल कुठे सुरू होतं हेसुद्धा नीट कळत नव्हतं.

त्यानंतर त्या खोलीत जे चाललं त्याला फोटो काढणं म्हणणं जिवावर येतं. मास्तरांनी दिवे वर नेले, खाली आणले. छत्री काढून दिव्याला कापडाची चौकोनी पेटी लावली, जिला फोटोच्या धंद्यात सॉफ्टबॉक्स म्हणतात. ती त्यांनी हौसेने घेतली होती आणि कधी उघडलीही नव्हती. तिच्यापुढे बटर पेपर लावला. तो दिव्याला टेकून करपला, आणि खोलीभर वास सुटला. एकच दिवा ठेवून पाहिला. तर सूप जरा बरं दिसायला लागतंय तोच मास्तरांचा हात सवयीने थर्माकोलकडे जायचा आणि वाडग्याच्या काठाखालचं काळं पुसून टाकायचा. हात ऐकतच नव्हता. मेव्हणी रोज ताजं सूप पाठवायची, त्यावर साय धरायची, मास्तर ती चमच्याने काढायचे, पुन्हा धरायची. आणि संध्याकाळी तेच गार सूप गरम करून जेवायला. घरात भोपळा हा शब्द उच्चारायची चोरी झाली.

"आज पण?" ताई ताटाकडे पाहून म्हणायची.

"मग फेकून देऊ?"

"मी काही बोलले का?"

शेवटी त्यांनी फोनवर एका पोराचा व्हिडिओ पाहिला. दाढी छातीपर्यंत, टोपी घरातसुद्धा डोक्यावर. तो म्हणत होता, सावली म्हणजेच चव. मास्तरांनी फोन पालथा घातला. मग थोड्या वेळाने सरळ केला. तो पोरगा म्हणत होता, दोन दिवे विसरा, छत्र्या विसरा, खिडकीपाशी जा. उजेड एकाच बाजूने, जरा मागून येऊ द्या, म्हणजे सुपावर चकाकी येते आणि पावाचा कण न् कण उठून दिसतो.

"खिडकी!" मास्तर म्हणाले. "जन्मभर खिडकी बुजवून बसलो, आता हा टोपीवाला मला खिडकी दाखवतोय."

पण दुकान उघडायचा दिवस जवळ आला होता, आणि मेव्हणीच्या माहितीतला तो एक जण त्यांच्या डोळ्यांपुढून हलत नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी नवराबायकोने मिळून कपाट ओढलं. कपाटाच्या पाठीमागे कोळ्यांनी संसार थाटले होते. खिडकीचे गंज लागलेले कडीकोयंडे ठोकून उघडले, काच पुसली, तिच्यावर बटर पेपर ताणून चिकटवला. आत आलेला उजेड खरोखरच देखणा होता. मास्तरांनासुद्धा ते नाकारता येईना. त्यांनी टेबल खिडकीला आडवं लावलं, वाडगा ठेवला, सुपावर मलईची वेलांटी काढली, शेजारी पाव, मागे पालथा चमचा, आणि कॅमेऱ्यात डोळा घातला.

सूप सपाट ते सपाटच.

"आता काय राहिलं?" ते ओरडले. "एका बाजूने आहे ना उजेड? मागून आहे ना? मग ही दुसरी बाजू उजळतेय कशाने?"

कशाने उजळणार! भिंतींनी. खिडकीतून आलेला उजेड समोरच्या पांढऱ्या भिंतीवर जायचा आणि तिथून परत फिरून सुपाच्या अंधाऱ्या बाजूवर पडायचा. छतावरून पडायचा, फरशीवरून पडायचा. सावलीला उभं राहायला जागा मिळू नये म्हणून मास्तरांनी जी खोली इतक्या कष्टाने केली होती, ती आपलं काम चोख बजावत होती. हे लक्षात आलं तेव्हा मास्तर थर्माकोलच्या गठ्ठ्यावरच बसले, आणि तो गठ्ठा मोडला.

"सांगून टाका तिला," ताई म्हणाली. बाहेर थंडी होती, ती बाजारात जायला निघाली होती, अंगात तिचा तो काळा, पायघोळ लोकरी कोट. "सांगा, बोलाव त्या माणसाला. माझीच बहीण आहे, ती काही हसणार नाही."

"मी हरलो म्हणून सांगू?"

"हरलो काय! सूप आहे हो ते. कुणाला पासपोर्ट नाकारलाय का?"

"तुला नाही कळणार."

हे शब्द निघायला नको होते. ताई पिशवी घेऊन दाराकडे चालली होती, ती वळली आणि सरळ टेबलापाशी येऊन उभी राहिली. हातांची घडी, हनुवटी वर.

"मला नाही कळणार? इतकी वर्षं मी काय काउंटरवर बसून स्वेटर विणत होते? तुम्ही ज्यांना ज्यांना रडवलं त्यांचे डोळे कुणी पुसले? ज्यांचे फोटो परत आले त्यांच्या शिव्या कुणी खाल्ल्या? आणि माझा एक फोटो काढायचा म्हटलं तर मी हलते! अहो, मी हलते कारण तुम्ही 'बास' म्हणेपर्यंत माणूस म्हातारा होतो!"

मास्तर उत्तर द्यायला उठले. उठले ते टेबलाकडेच वाकले. ते तिच्याकडे बघतच नव्हते. ते सुपाकडे बघत होते.

ताई जिथे उभी होती तिथे, खिडकीच्या समोरच्या अंगाला, तिच्या त्या काळ्या कोटाने भिंतीकडून परतणारा सगळा उजेड गिळून टाकला होता. वाडग्याची एक कड अंधारात गेली होती, आणि दुसरी कड लखलखत होती. सूप दाट झालं होतं. त्यावरची मलईची वेलांटी उठून आली होती. पावाच्या तुकड्यांना कडा फुटल्या होत्या. वाफ नव्हती, तरी ते गरम दिसत होतं.

"हलू नकोस," मास्तर म्हणाले.

"काय?"

"जिथे आहेस तिथेच. बोल, हवं ते बोल, शिव्या दे, पण हलू नकोस."

"मी बोलतेय आणि तुम्हाला सुपाचं पडलंय?"

"बोलत राहा!"

ती बोलत राहिली. बरंच बोलली. त्यातलं काही मास्तरांच्या कानात गेलं, काही गेलं नाही. ते कॅमेऱ्यामागे वाकून एकामागून एक फोटो काढत होते. जो माणूस चष्म्याच्या काचेतली इवलीशी चमक खोलीच्या दुसऱ्या टोकावरून हेरायचा, त्याने त्या दिवशी चमच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मागे, त्या पालथ्या चमच्याच्या पाठीवर, एक फिकट ठिपका होता. असेल थर्माकोलचा, असं त्यांनी नंतर स्क्रीनवर पाहताना मनाशी म्हटलं आणि सोडून दिलं. त्यांना त्या सावलीचीच भूल पडली होती. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी एक सावली स्वतःहून ठेवली होती, आणि ती त्यांना कचेरीतल्या त्या यंत्राला दाखवावीशी वाटत होती. काढ म्हणावं असा एक.

मेव्हणीने तो फोटो घेतला. "छान आहे हं, भाऊजी," म्हणाली. तिच्या आवाजात जरासं काही तरी अडखळलं, पण मास्तरांना त्या दिवशी काहीच ऐकू येत नव्हतं.

दुकान उघडलं त्या सकाळी मास्तरांनी दाढी केली, ठेवणीतला सदरा घातला आणि ताईला घेऊन चौकात गेले. वळणावरूनच काच दिसली. काचेवर सूप होतं, माणसाच्या उंचीचं.

मास्तर जागच्या जागी थबकले.

सावली गेली होती. वाडग्याची अंधारी कड घासून पुसून उजळ केलेली, टेबल पांढरं, पाव पांढरा, आणि मधोमध नारिंगी रंगाचा डबा. त्यांच्याच खोलीतल्या, त्यांच्याच दोन छत्र्यांखाली काढल्यासारखा फोटो. आणि खाली, ठळक अक्षरांत, त्यांच्या स्टुडिओचं नाव.

ते आत शिरले ते गिऱ्हाइकांना बाजूला सारतच. "हे कुणी केलं?"

मेव्हणी हातातला पाव तसाच धरून उभी राहिली. "काय केलं?"

"उजळ कुणी केला फोटो?"

"मीच," ती म्हणाली. "एका बाजूला काळं येत होतं ना, भाऊजी. लोकांना वाटलं असतं वाडगा धुतलेला नाही. फोनमध्ये एक बटण आहे, ते दाबलं की सगळं काळं जातं. तुम्हाला त्रास कशाला द्यायचा म्हणून मीच..."

"बटण!" मास्तर म्हणाले. रांगेतली माणसं पाहत होती, त्यांतल्या दोघांच्या हनुवट्या त्यांनी स्वतः बसवलेल्या होत्या. "ती सावली मी ठेवली होती. समजून उमजून ठेवली होती. जन्मात एक ठेवली, आणि तू बटण दाबलंस?"

मेव्हणीचा चेहरा पडला. ती वाईट बाई नव्हती. तिने भाऊजींचा असा आवाज कधी ऐकला नव्हता. खेकसणं ऐकलं होतं, पण हा आवाज फुटला होता. "चुकलं माझं," ती म्हणाली. "खरंच कळलं नाही हो मला. तुमचा मूळ फोटो आहे माझ्याकडे. छापणारा समोरच बसतो. संध्याकाळच्या आत बदलते. शपथ."

"बदल," मास्तर म्हणाले. "आत्ताच्या आत्ता."

आणि ताईला सांगायला ते बाहेर आले, तर ताई काचेसमोर उभी होती. अगदी जवळ, नाक टेकेल इतकी. ती सूप बघत नव्हती. सुपाच्या मागे, वर, तो पालथा चमचा होता, जेवायच्या ताटाएवढा झालेला. सावलीबरोबर त्यातला अंधारही पुसला गेला होता, आणि त्या ठिपक्याला आता चेहरा होता. काळा कोट, हातांची घडी, केस कपाळावर आलेले, तोंड काही तरी बोलण्यासाठी उघडलेलं. बारीक, थोडी धुकट, पण तीच. नवऱ्याला खडसावणारी, कुणी पकडलेली नाही, कुणी बसवलेली नाही.

"अहो," ताई म्हणाली. "मी आहे यात."

मास्तरांनी पाहिलं. मूळ फोटोत ती नव्हती. म्हणजे होती, पण त्यांच्या सुंदर अंधारात बुडालेली. सावली परत आणली की ती गेली.

मेव्हणी फोन कानाला लावतच बाहेर आली. "छापणारा आहे जागेवर, भाऊजी. पाठवू ना मूळचा?"

मास्तर काचेकडे बघत राहिले. त्या सपाट, पांढऱ्याफटक, निर्जीव सुपाकडे. खाली त्यांच्या नावाकडे. यंत्राने काढला असता तर असाच काढला असता. उद्यापासून येणारा जाणारा प्रत्येक जण हा फोटो बघणार, आणि म्हणणार, मास्तरांचा आहे, लगेच ओळखू येतो. त्यांना रडू यायचं बाकी होतं.

"राहू दे," ते म्हणाले.

"अहो, मघाशी तर तुम्ही..."

"राहू दे म्हटलं ना!" ते तिच्यावर खेकसले, इतके जोरात की रस्त्यापलीकडची माणसं वळली. "कान आहेत की नाहीत? राहू दे!"

मेव्हणीने फोन खाली केला आणि मुकाट्याने आत गेली. ताई अजून चमच्याकडेच बघत होती. तिने बोट उचललं आणि काचेवर, त्या इवल्या चेहऱ्यापाशी टेकवलं.

"हनुवटी जरा वर आहे नाही?" ती म्हणाली.

मास्तरांचा राग काही गेला नव्हता. त्यांनी नाक ओढलं, सदऱ्याच्या बाहीने डोळे पुसले, आणि सवयीने एक डोळा मिटून पाहिलं.

"आहे," ते म्हणाले. "असू दे."